पिंजऱ्याची वकिली

नागपुरांतील एका सुशिक्षित गृहस्थांच्या ओसरीवर परवां मुनियांचा पिंजरा पाहिला. आम्हीं हरकत घेतांच ते हंसून म्हणाले, "अंबाझरीच्या गवतांत असल्या शेंकडों आहेत, चार आमच्याकडे आल्या तर काय बिघडलें?" हा युक्तिवाद त्यांचा एकट्याचा नाहीं, म्हणूनच त्याचा समाचार घेणें प्राप्त आहे.

पिंजऱ्यांत दोन जाती होत्या. एक लाल मुनिया. पावसाळ्यांत हिच्या नराच्या अंगावर तांबडा रंग चढून त्यावर पांढरे ठिपके उमटतात. दुसरी हिरवी, पाठ शेवाळी, पोट पिवळें, कुशीवर काळेपांढरे पट्टे. गृहस्थांच्या लेखीं दोन्ही मुनियाच! परंतु लाल मुनिया हिंदुस्थानापासून जावापर्यंत पसरलेली आहे. इतकेंच नव्हे, तर व्यापाऱ्यांच्या हातून सुटून ती फिजी व हवाई बेटांवरहि नांदूं लागली. तिच्या शास्त्रीय नांवांतील 'अमंडावा' हा शब्द अहमदाबादचाच अपभ्रंश. तेथूनच हे पक्षी परदेशीं जात. जागतिक सूचींत तिला धोका नोंदलेला नाहीं. हिरवीला मात्र हिंदुस्थानाबाहेर माहेर नाहीं. खुरटीं रानें, उंच गवत, उंसाचे फड अशा ठिकाणीं ती तुटक तुटक आढळते, जणुं बेटाबेटांवर. आणि त्याच सूचींत तिची गणना असुरक्षित जातींत होते.

"शेंकडों दिसतात" हाच खरा भ्रम आहे. मुनिया थव्यानें राहते, म्हणून एका जाळ्यांत थवाच्या थवा येतो. जावाची राखी मुनिया एके काळीं भातशेतीला उपद्रव वाटण्याइतकी विपुल होती. पारध्यांनीं पिंजऱ्यांसाठीं ती इतकी धरली कीं मायदेशींच आज ती संकटग्रस्त ठरली आहे. परदेशांतील घरोघर ती पिंजऱ्यांत चिवचिवते, हें तिच्या कुशलाचें प्रमाण कोण मानील?

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, १९९०-९१ ची व्यापारबंदीहि आहे. परंतु जाळें टाकणारा दरिद्री माणूस सांपडतो, गिऱ्हाईक सुटतें. (पुण्यासाठीं पक्षी विकत घेऊन सोडणारेहि गिऱ्हाईकच.) शिवाय ज्या माळावर ही जात जगते, तो सरकारी दप्तरांत 'पडीक' म्हणून लिहिला जातो, त्याचा नांगर किंवा इमला झाला तर हळहळणार कोण?

"मग आतां सोडून देऊं?" गृहस्थांनीं विचारलें. कोठून आणलेला पक्षी कोठें सोडणार? वनखात्याच्या स्वाधीन करा, असें आम्हीं सांगितलें. तें त्यांना रुचलेलें दिसलें नाहीं.