वाक्याचा शेवट कोण खातो?

विरार पूर्वेस, पापडखिंड धरणाच्या अंगाला फुलपाडा आहे. तेथल्या एका लहानशा सभागृहात आम्ही काही नाट्यवेडी मंडळी गेली काही वर्षे नाटके वाचतो आणि जमेल तेव्हा बसवतो. यंदाच्या आमच्या एकांकिकेत नायिकेच्या तोंडी शेवटचे वाक्य होते : ‘मी त्याला क्षमा करणार नाही.’ प्रयोगानंतर प्रेक्षकांशी गप्पा सुरू झाल्या, तेव्हा मागच्या रांगेतील एका गृहस्थांनी नायिकेच्या मनाच्या मोठेपणाचे तोंडभरून कौतुक केले. तिने क्षमा केली, हे त्यांना फार भावले होते. त्यांच्यापर्यंत वाक्य पोहोचले होते. ‘नाही’ तेवढे पोहोचले नव्हते.

यावर जो वाद झाला, त्यात दोन पक्ष पडले. एका ज्येष्ठ अध्यापकांनी निकाल दिला की, या कॉलर माइकने नटाचा गळा मारला; पुढच्या वर्षी माइकला बंदी घालावी. तरुण मंडळींचे म्हणणे असे की, भाड्याने आणलेला संच हलका होता; हल्ली बोटभर लांबीचे नवे बिनतारी ट्रान्समीटर निघाले आहेत, ते आणले की प्रश्न मिटेल. आमचे भांडण या दोन्ही पक्षांशी आहे. म्हणूनच हा लेखनप्रपंच.

प्रथम बंदीवाल्यांकडे वळू. त्यांचा युक्तिवाद सर्वांच्या परिचयाचा आहे. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ केले, तेव्हा कोठे होता माइक? नव्हता, हे खरेच. परंतु त्या रात्रीच्या ज्या आठवणी मागे राहिल्या, त्या ज्यांना ऐकू आले त्यांच्या आहेत. शेवटच्या बाकावर बसून निम्मे गद्य हुकलेल्या माणसाने आत्मचरित्र लिहिले नाही. शिवाय त्या काळची नाट्यभाषाच त्या अंतरासाठी घडलेली होती. १९१९ साली रंगभूमीवर आलेले गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ काढून पाहा. एकच भाव तीन-चार प्रतिमांतून फिरून येतो, वाक्याला वाक्य जोडले जाते. वर्गात आपण याला अलंकारिकता म्हणतो आणि पुढे जातो. आम्हांस त्यात ऐकण्याची सोयही दिसते : एक प्रतिमा खोकल्यात गेली तर दुसरी कानी पडते. पल्लेदार संवादाचा पल्ला म्हणजे रंगमंचापासून पिटापर्यंतचे अंतरही होते.

ते अंतर आखडले, तशी भाषाही बदलली. १९६० साली ‘रंगायन’ आले; १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके होऊ लागली. नट प्रेक्षकाच्या हाताच्या अंतरावर आला आणि अर्धवट तुटलेली, टिंबांनी भरलेली, श्वासावर बोललेली वाक्ये शक्य झाली. तेंडुलकरांच्या संवादांतील टिंबे मोठ्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेत बसून ऐकायची, तर नटाला टिंबेसुद्धा ओरडून बोलावी लागतील. म्हणजे मराठी नाटकाने हळू बोलायला सुरुवात केली ती माइकच्या लाडाने नव्हे. लेखकांनी तशी भाषा लिहिली म्हणून. मग ती भाषा नऊशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात न्यायची कशी? पायदिव्यांच्या जागी ठेवलेले आणि वरून टांगलेले माइक होतेच. पण नट त्यांचा बंदा गुलाम झाला. महत्त्वाचे वाक्य आले की पात्र काहीतरी निमित्त काढून पुढे येई, कारण तेथे माइक होता. प्रेक्षकांकडे पाठ करून बोलायची चोरी. कॉलर माइकने नटाची ही वेठबिगारी संपवली, हे त्याचे ऋण बंदीवाले कधीच मान्य करीत नाहीत.

आणि बंदीची किंमत कोण देते, तेही पाहावे. आमची नायिका वसईच्या एका वाडीतून येते. तिचा आवाज बारीक आहे, उच्चार स्वच्छ आहे आणि भूमिकेची समज आम्हां सर्वांहून अधिक आहे. गेल्या वर्षी ‘आवाज पोहोचत नाही’ या एका शेऱ्यावर तिला विंगेत प्रॉम्प्टिंगला बसवले होते. माइकबंदीचा ठराव संमत झाला, तर ती पुन्हा विंगेत जाईल आणि मोठ्या गळ्याचे, कमी समजेचे कोणीतरी पुढे येईल. परंपरेच्या नावाने केलेली ही निवड निव्वळ डेसिबलची निवड असेल.

आता यंत्रवाद्यांकडे. ट्रान्समीटर लहान होत गेला, हे नटाच्या दृष्टीने हिताचेच झाले. जर्मनीच्या ‘सेनहायजर’ने १९५७ साली बिनतारी माइक आणला; तेव्हापासून ही डबी आक्रसतेच आहे. नऊवारीच्या कमरेला खोचलेला ठोकळा बसताना टोचतो, लावणीत सुटतो, प्रकाशात फुगवटा दाखवतो. आज ‘श्युअर’च्या एडीएक्स-१एमसारख्या व्यावसायिक ट्रान्समीटरला कडा गोल असतात, अँटेना आतच असते; तो अंबाड्यात किंवा टोपात दडू शकतो. आवाजाची पातळी दूर बसलेला तंत्रज्ञ त्याच्या जागेवरून बदलू शकतो; प्रयोगाच्या मध्येच नटीच्या पदराशी झटापट करायला कोणी विंगेत धावत नाही. ही सोय आहे, तशीच ती सभ्यताही आहे.

परंतु डबी कितीही लहान झाली तरी तिला नाटक कळत नाही. छातीवरचा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर असतो. त्याला संवादाइतकीच पदराची सळसळ ऐकू येते आणि मंगळसूत्राचे मणी तर थेट त्याच्यावरच आपटतात. दोन पात्रे एकमेकांच्या मिठीत आली की एकाचा आवाज दोघांच्याही माइकमध्ये शिरतो आणि पोकळ, डब्यातून आल्यासारखा होतो. जाणता तंत्रज्ञ अशा वेळी एक माइक उतरवतो. भाड्याचे स्वस्त संच बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. त्याच पट्ट्यात वायफाय आणि ब्लूटूथ चालते, आणि माणसांच्या ओल्या शरीरांत त्या लहरी शोषल्या जातात. म्हणून रिकाम्या सभागृहात ठणठणीत चाललेला संच, खिशात मोबाइल घेऊन दोनशे माणसे येऊन बसली की आचके देऊ लागतो. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट : पात्र डावीकडे उभे असते, आवाज मात्र भिंतीवरच्या कर्ण्यातून येतो. चार पात्रे एकाच पेटीतून बोलू लागली की कोण बोलले हे ओळखायला प्रेक्षकाला ओठ शोधावे लागतात. हे टाळता येते. त्यासाठी कर्णे कोठे ठेवायचे, कोणत्या कर्ण्याला किती मिलिसेकंद उशिरा बोलायला लावायचे, याचे शास्त्र आहे. ते शास्त्र जाणणारा माणूस डबीबरोबर फुकट मिळत नाही.

फुलपाड्याच्या त्या संध्याकाळी ‘नाही’ कोणी खाल्ले, ते आता सांगतो. माइकने नाही, नायिकेनेही नाही. संचाबरोबर जो ऑपरेटर आला होता, त्याला आम्ही तासभर आधी भेटलो. संहिता दिली नाही, तालमीला बोलावले नव्हते. ‘क्षमा करणार म्हटले की संपले, मग संगीत,’ एवढेच घाईघाईत सांगितले. त्याने सांगितल्याप्रमाणे केले. ‘करणार’ ऐकले आणि पट्टी खाली ओढली. माइकविना तिचे ‘नाही’ पहिल्या चार रांगांपर्यंत गेले आणि तेथेच विरले. चूक पूर्णपणे आमची होती.

या चुकीत मराठीचा एक स्वभाव दडला आहे आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावा असा आहे. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही मागून येतो. ‘मी येणार’पर्यंत होकार असतो, पुढच्या दोन अक्षरांत जग उलटते. नेमका तेथेच बोलणाऱ्याचा श्वास संपत आलेला असतो आणि सूर उतरत असतो. तालमीत दिग्दर्शक ‘शेवट खाऊ नकोस’ म्हणून ओरडतो, ते याचसाठी. इंग्रजी वाक्यात नकार बहुधा आधीच येऊन गेलेला असतो; मराठी वाक्याचा शेवट गेला तर अर्थच फिरतो. मराठी नाटकाच्या ध्वनितंत्रज्ञाला म्हणूनच मराठी वाक्य कोठे संपते हे कळले पाहिजे. वाक्यापूर्वीचा श्वास ऐकून माइक उघडायचा, शेवटच्या अक्षराची धार विरल्यावर मिटायचा, मधल्या स्तब्धतेत हात पट्टीवर ठेवून थांबायचे. हे करणारा माणूस संहितेचा फार सावध वाचक असतो. आमच्यापैकी किती प्राध्यापकांनी एखादे नाटक इतक्या बारकाईने, अक्षराअक्षरावर बोट ठेवून वाचले आहे?

आणि या वाचकाला आपण कोणते स्थान देतो? वृत्तपत्री परीक्षणाचा शेवटचा परिच्छेद आठवावा : ‘नेपथ्य सूचक, प्रकाशयोजना पूरक, पार्श्वसंगीत परिणामकारक.’ नटाचा आवाज ज्याच्या बोटांतून गेला, त्याच्यासाठी एक विशेषणही शिल्लक नसते. त्याची आठवण होते ती शिट्टी वाजली तरच. आणि मग सारे नाट्यगृह मान वळवून त्याच्याकडे पाहते. हा करंटेपणा केवळ आपलाच नाही. ब्रॉडवेच्या टोनी पुरस्कारांत ध्वनियोजनेला २००८ साली जागा मिळाली, २०१४ साली ती काढून घेण्यात आली आणि बरेच रण माजल्यावर २०१७ साली परत देण्याचे ठरले. ध्वनी ही कला की कारागिरी, याचा निवाडा तेथेही पुरस्कार देणाऱ्यांना सहजी करता आला नाही. आपल्याकडे तो प्रश्न विचारण्याइतकीही कोणाला फुरसत नाही.

याचे मूळ आमच्या मते वर्गात आहे. आपण नाटक छापील पानावर शिकवतो. ‘नटसम्राट’मधील स्वगतांवर प्रश्न येतो तो भाषासौंदर्याचा, शोकात्मिकेचा, शेक्सपिअरच्या छायेचा. हे शब्द कोणत्या गळ्यातून, किती अंतरावर जायचे आहेत, हा प्रश्न येत नाही. १९७० साली ती भूमिका प्रथम उभी करणारे श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते, ही गोष्ट आपण गंमत म्हणून सांगतो. गळा हा नाटकाच्या अर्थाचा भाग आहे, हे त्यातून शिकायचे राहूनच जाते. ज्या विद्यार्थ्याने नाटक कानाने कधी वाचलेच नाही, तो उद्या समीक्षक झाला की ‘माइक वाईट’ किंवा ‘माइक छान’ याखेरीज दुसरे काय लिहिणार?

यावर कोणी म्हणेल, हौशी मंडळींना असा तंत्रज्ञ कोठून परवडणार? प्रश्न रास्त आहे. बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहापर्यंत लोकल पकडून नाटक पाहायला जाणारी आम्ही माणसे. आमच्या खिशाची आम्हांस कल्पना आहे. परंतु संहितेची एक छायाप्रत परवडते. तालमीच्या शेवटच्या चार दिवसांचा चहा परवडतो. जाहिरातीत एक नाव वाढवायला तर काहीच पडत नाही. आणि बारीक आवाजाच्या मुलीला शेवट न खाण्याचा सराव द्यायलाही काही पडत नाही. माइक आहे म्हणून गळ्याची मेहनत सोडायची, असे आम्ही कोठेही म्हटलेले नाही.

असो. आमच्या एकांकिकेचा पुढला प्रयोग ठरला आहे. माइक असेल; तोच जुना, भाड्याचा. ऑपरेटरही तोच आहे. या वेळी संहिता त्याच्या घरी पोहोचली असून त्याने दुसऱ्याच दिवशी फोन करून विचारले की, तिसऱ्या प्रवेशात ती रडत बोलते की रडून झाल्यावर? हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाही तोवर सुचला नव्हता. त्या गृहस्थांनाही आमंत्रण गेले आहे. त्यांना आम्ही पुन्हा मागच्याच रांगेत बसवणार आहोत.