बुडबुड्यांचा पेला आणि ‘घे ना थोडी’

फेब्रुवारी लागला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्या गुलाबी होतात. बदामाच्या आकाराचे केक, लाल जेली, आणि गेली काही वर्षं त्यात एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. उंच, निमुळता पेला, आत सोनेरी बुडबुडे, कडेला संत्र्याची चकती. खाली लिहिलेलं असतं, ‘खास दोघांसाठी’. मैत्रिणींनो, तो पेला मलाही दिसायला फार आवडतो, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ‘ह्या समाजकार्यवाल्या बायका, यांना कशातच मजा दिसत नाही’ असं म्हणून तुम्ही पान उलटाल!

माझी एक भाची पुण्यात नोकरी करते. लग्नाचा तिसरा वाढदिवस जवळ आला तेव्हा तिचा फोन आला. “मावशी, तुझ्या हातचं सरबत सगळ्यांत भारी असतं. मला मिमोसा करायचाय घरी. संत्र्याचा रस किती आणि वाइन किती घालू?” आता मी आमच्या केंद्रात आठवड्यातून दोन दिवस दारूपायी संसार मोडलेल्या बायकांशी बोलते, हे तिला ठाऊक आहे. तरी तिनं मोकळेपणानं विचारलं, याचं मला बरंच वाटलं. आमच्या पिढीत मावशीला असं विचारायची कुणाची छाती नव्हती.

मिमोसा म्हणजे संत्र्याचा ताजा रस आणि फसफसणारी थंड वाइन, साधारण निम्मं निम्मं. लंडनच्या बक्स क्लबमध्ये १९२१ साली असंच एक पेय सुरू झालं, त्याला ‘बक्स फिझ’ म्हणतात. मिमोसाचं श्रेय पॅरिसच्या रिट्झ हॉटेलला देतात, साल १९२५ सांगतात. नाव पडलं ते तिकडच्या एका पिवळ्याधमक फुलावरून. गंमत म्हणजे आपल्या लाजाळूचं शास्त्रीय नावही मिमोसाच, मिमोसा पुडिका. हात लावला की मिटणारी! प्रेमाच्या दिवशी प्यायच्या पेयाला हे नाव कुणी मुद्दाम शोधून दिलं असतं तरी इतकं जमलं नसतं. आणि शँपेन म्हणायचं ते फक्त फ्रान्सच्या शँपेन प्रांतात झालेल्या वाइनला. आपल्या नाशिकला होते ती स्पार्कलिंग वाइन, एवढा फरक भाचीलाही माहीत नव्हता.

तिला मी प्रमाण सांगितलं. त्यानंतर एक प्रश्न विचारला, “हे तुला हवंय, की त्याला?” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, “तो म्हणतो, एकदा तरी माझ्याबरोबर घे ना.”

हे ‘घे ना’ मी किती वेळा ऐकलंय! फरक एवढाच की वस्तीत ते वेगळ्या आवाजात असतं. तिथं नवरा म्हणतो, “तुझ्या हातानं भरून दे.” ती भरते, कारण नाही भरली तर पुढं काय होतं ते तिला माहीत असतं. फ्लॅटमध्ये ‘डार्लिंग’ लावून म्हणतात. हे दोन्ही सारखंच आहे असं मी म्हणणार नाही, तो अन्याय होईल. पण दोन्हीकडे एक प्रश्न विचारून बघावा. तिनं ‘नको’ म्हटलं तर संध्याकाळ तशीच गोड राहते का? की तोंडं फुगतात, ‘तू ना, अगदी काकूबाई’ असा टोमणा येतो, दोन दिवस अबोला होतो? नकाराची किंमत मोजावी लागत असेल, तर होकाराला तरी काय अर्थ?

आणि लिंबू-संत्र्याच्या पेयाबद्दल मला विशेष काळजी वाटते ती एका साध्या कारणानं. आंबट-गोडात दारूची चव लपते. कडू लागलं असतं तर दोन घोटांत जीभ नको म्हणाली असती. इथं ती म्हणते, ‘अरे, हे तर सरबतच!’ त्यात बुडबुडे असले की बऱ्याच जणांच्या अंगात दारू लवकर भिनते. शिवाय बाईच्या शरीरात पुरुषापेक्षा पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे दोघांनी अगदी सारखं घेतलं तरी तिच्या रक्तात दारूचं प्रमाण जास्त चढतं. यात नाजूकपणाचा काही संबंध नाही, हे शरीराचं गणित आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच सांगितलं, आरोग्याला अगदी सुरक्षित अशी दारूची मात्रा नाही. स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोड्या पिण्यानंही वाढतो. दिवस गेले असतील किंवा तशी इच्छा असेल, तर एक थेंबही नको. हे मी भाचीला सांगितलंच, तिला आवडो न आवडो.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड, म्हणून तर बोलायला हवी. नशेत असलेल्या बाईनं, आपण कशाला हो म्हणतोय हे कळत नसताना दिलेली संमती ही संमती नव्हे, असं आपला फौजदारी कायदा म्हणतो. आधी भारतीय दंडसंहितेत होतं, १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. पण सज्ञान बायकोच्या बाबतीत नवऱ्याला त्यातून सूट आहे! तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, त्यात लैंगिक छळाचा उल्लेख आहे, पण किती जणी तिथवर पोचतात? केंद्रात एक शिकलीसवरलेली बाई सांगत होती, “ताई, दर वेळी तो प्रेमानंच पेला देतो. सकाळी मला अर्धं आठवत नाही.” ती मारहाणीची तक्रार घेऊन आलेली नव्हती. तिला फक्त विचारायचं होतं, की असं वाटणं बरोबर आहे का.

आता यावर मला नेहमी दोन उत्तरं मिळतात. एक जुन्या वळणाच्या बायकांचं, ‘आपण बरोबर बसलं की पुरुष बाहेर जात नाहीत, घरात कमी पितात.’ मी इतकी वर्षं पाहतेय, हा उपाय लागू पडलेलं घर मला भेटायचं आहे. उलट पिणारी दोन माणसं होतात आणि मुलांकडे बघायला कुणी उरत नाही. दुसरं उत्तर तरुण मुलींचं. “काकू, मी कमावते, मला आवडतं, मी घेते. कुणी आग्रह करत नाही.” हे उत्तर मी झटकून टाकत नाही. गावोगाव बायका रांगा लावून उभ्या बाटलीविरुद्ध आडव्या बाटलीला मत देतात, तेव्हा त्या आपल्या घरात काय चालेल ते आपण ठरवू, असंच म्हणत असतात. मग शहरातल्या सज्ञान मुलीनं स्वतःचं ठरवलं तर तिला मी कोणत्या तोंडानं अडवू? एवढंच म्हणते, की ठरवलंय ते तूच ना, हे अधूनमधून स्वतःला विचार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात दारू पिणारे पुरुष शंभरात सुमारे १९ निघाले आणि बाया जेमतेम एक. म्हणजे पिण्यातली ‘समानता’ अजून जाहिरातीतच आहे. दारूचा त्रास मात्र बायकांच्या वाट्याला कधीच कमी आला नाही.

जाता जाता, आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात. गुलाबी पुरवण्यांत हे कुणी छापत नाही.

असो. भाचीनं शेवटी काय केलं, तर तिनं मला पुन्हा फोन करून विचारलं, “वाइन न घालता तसंच दिसेल का गं?” दिसतं, आणि चवीलाही कुठं कमी पडत नाही. याला हल्ली ‘मॉकटेल’ म्हणतात, तो शब्द मला मुळीच आवडत नाही. मॉक म्हणजे नक्कल. गोटी सोड्याची बाटली फट्‌कन फोडून त्यात लिंबू पिळणारे आपले आजोबा कुणाची नक्कल करत होते?

कृती सोपी आहे, पण दोन-तीन खाचाखोचा आहेत. पहिली थंडाव्याची. पाणी जितकं गार तितका त्यात वायू जास्त टिकतो, म्हणून सोडा, रस आणि पेलेसुद्धा दोन तास फ्रिजमध्ये ठेवायचे. कोमट रसात गार सोडा ओतला की सगळे बुडबुडे स्वागतालाच उडून जातात. दुसरी साखरेची. दाणेदार साखर किंवा मीठ सोड्यात पडलं की तो उसळून टेबलावर येतो, मसाला सोडा पिणाऱ्यांना हे सांगायला नकोच. म्हणून पाक करावा, वाटीभर साखरेला वाटीभर पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, तार वगैरे काढायची नाही. त्यात आल्याचे चार पातळ काप टाकून गार होऊ द्यायचा आणि गाळायचा. हा पाक फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो.

संत्री नागपूरची, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची मिळतात. दोघांसाठी तीन पुरतात. फोडी सोलून, बिया काढून रस काढा. मिक्सरमध्ये बियांसकट फिरवलंत तर कडू होईल, मग मला दोष देऊ नका. मोसंबी घेतली तर रस आयत्या वेळीच काढायचा, कारण तो ठेवला की कडवट होतो. शिवाय मोसंबीत आंबटपणा कमी, तिला लिंबाची साथ जास्त लागते. रस दोनदा गाळा, चोथा राहिला की बुडबुडे त्याला चिकटून लवकर संपतात. प्रत्येक पेल्यात पाव वाटी रस, चमचाभर लिंबाचा रस, दोन चमचे पाक, वर पेला तिरका धरून कडेनं सावकाश सोडा, रसाच्या दुप्पट. चमच्यानं घुसळायचं नाही, एकदाच तळापासून वर आणायचं. शेवटी लिंबाच्या सालीची बोटभर पट्टी पेल्यावर धरून पिळा. सालीतलं तेल वर तरंगतं, आणि पहिला वास येतो तो त्याचाच.

एक सूचना मात्र चाळिशी-पन्नाशीच्या जोडप्यांसाठी. काही जणी संत्र्याऐवजी पपनस किंवा परदेशी ग्रेपफ्रूट वापरतात. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांशी या फळांचं जमत नाही, गोळीचा अंश रक्तात प्रमाणाबाहेर वाढतो. घरात अशी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. साध्या संत्र्याला, मोसंबीला ही अडचण नाही.

आणि हो, पाक तुम्ही केलात तर रस त्याला काढू द्या. बिया काढायला पुरुषांना फार वेळ लागतो, तेवढ्यात बोलणं होतं. भाचीच्या नवऱ्यानं म्हणे अर्धा तास घेतला आणि ओट्यावर रसाचं तळं केलं. ते पुसायचं कामही त्यालाच द्यायला मी तिला सांगून ठेवलं होतं.