न पुसणारी रेघ

गेल्या श्रावणांत आमच्या घरीं एक प्रसंग थोडक्यांत टळला. धाकट्या नातवास ताप होता. औषध द्यावयाचें अडीच मिलिलिटर. बाटलीबरोबरच्या प्लास्टिकच्या टोपणावरील मापाच्या रेघा धुऊन धुऊन पुसल्या होत्या. वहिनींनीं अंदाजानें औषध ओतलें. सूनबाईंनीं ऐनवेळीं हात धरला; पिचकारीनें मापून पाहतां तें पांच भरलें! दोष वहिनींचा नव्हे, शाईचा. क्षरत नाहीं तें अक्षर, ही व्युत्पत्ति आम्हीं वर्गांत जन्मभर सांगितली. या छापास ती लागू पडली नाहीं.

शाई प्लास्टिकच्या पृष्ठावर बसते, आंत शिरत नाहीं. म्हणून लेझर किरणानें प्लास्टिकच्या अंगांतच रेघ उठविण्याची युक्ति निघाली. अडचण एवढीच कीं, या कामीं पुष्कळदां वापरतात तो १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अदृश्य किरण स्वच्छ प्लास्टिकांतून बहुतांशीं पार निघून जातो. आणि जो शोषला जात नाहीं तो तापवीतही नाहीं. याकरितां प्लास्टिकमध्यें अँटिमनीमिश्रित टिन ऑक्साइडासारख्या द्रव्याचे कण अत्यल्प प्रमाणांत मिसळतात. ते किरण शोषून क्षणांत तापतात. मग प्लास्टिकच्या जातीप्रमाणें भोंवतालचा भाग करपून काळी रेघ उमटते, किंवा बारीक बुडबुडे येऊन पांढरी.

काजळीही किरण शोषते, मग ती कां नको, असें वाचक विचारतील. वापरतातही, पण ती प्लास्टिकचा मूळ रंग मळवते. वरील कण शंभर नॅनोमीटरांहून, म्हणजे मिलिमीटराच्या दहाहजाराव्या भागाहूनही, लहान करतां येतात. दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबी सुमारें ४०० ते ७०० नॅनोमीटर. त्यामानानें कण फार सूक्ष्म असल्यानें प्रकाश फारसा विखुरत नाहीं व वस्तु पारदर्शक राहते. मात्र कणांचे पुंजके झाले कीं ती धूसर दिसूं लागते. सारें कौशल्य कण सारखे पसरविण्यांत आहे.

गुरांच्या कानांतील पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आंकडी क्रमांक लेझरनेंच उठवितात. ऊन, पाऊस आणि गोठ्यांतील घासाघीस यांना तो टिकावा लागतो. औषधाच्या भांड्यांची गोष्ट थोडी निराळी. मिसळलेलें द्रव्य औषधांत उतरत नाहीं, याची परीक्षा तेथें आधीं हवी.

नव्या बाटलीच्या टोपणावर रेघा सांच्यांतच उठविलेल्या आहेत. त्या पुसणार नाहींत हें खरें, पण रंगावांचून वहिनींना चष्मा लावूनही दिसत नाहींत. सूनबाईंनीं पिचकारीच फडताळांत ठेविली आहे.