लाठीचा गौरव, काडतुसांचा दुष्काळ

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवरील नाकाबंदीत साहाय्यक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती लाठी होती आणि अजमल कसाबच्या हाती एके-४७. ओंबळे यांनी त्या बंदुकीची नळी घट्ट धरली, गोळ्या झेलल्या, पण पकड सोडली नाही. कसाब जिवंत हाती लागला, पाकिस्तानचा बुरखा जगासमोर फाटला आणि पुढे २००९ मध्ये राष्ट्राने ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र अर्पण केले. तो गौरव यथोचितच होता. परंतु ज्या शासनाने त्या लाठीपुढे मस्तक नमवले, त्या शासनाला त्या लाठीची लाज वाटली का, हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

तेव्हापासून दर नोव्हेंबरात एक मागणी हमखास कानी येते : प्रत्येक पोलिसाच्या कमरेला पिस्तूल द्या, म्हणजे दहशतवादी फिरकणार नाहीत. ही मागणी ऐकायला मर्दानी आहे आणि सत्ताधाऱ्यांनाही सोयीची आहे. कारण बंदुकीची खरेदी एका निविदेत उरकते, छायाचित्र निघते आणि कर्तव्य संपते. मात्र इतिहासाची साक्ष वेगळी आहे.

छत्रपती शिवाजी टर्मिनसवर त्या रात्री पोलिसांकडे शस्त्रच नव्हते असे नाही. तिथे रायफली होत्या, पण बहुतेक .३०३ बनावटीच्या, म्हणजे दर गोळीमागे खटका ओढावा लागणाऱ्या, दोन महायुद्धे पाहिलेल्या. समोर क्षणात मॅगझिन रिकामे करणारे मारेकरी. तिथे पन्नासहून अधिक निरपराध प्राणांस मुकले. त्याहून विदारक बाब राम प्रधान समितीच्या चौकशीतून पुढे आली. अशाच प्रसंगासाठी उभारलेल्या शीघ्र प्रतिसाद पथकांचा गोळीबाराचा सराव हल्ल्यापूर्वी दीर्घकाळ बंद होता. कारण सरावासाठी काडतुसेच उपलब्ध नव्हती! ज्या हाताला बंदुकीची सवय नाही, त्या हातातली बंदूक ही लाठीपेक्षाही लाचार असते. गर्दीच्या फलाटावर तर ती स्वकीयांच्याच जिवावर उठू शकते.

दुसरी साक्ष त्याहून कटू आहे. १९९३ च्या प्रारंभी रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यांवर शस्त्रे व आरडीएक्स उतरले आणि १२ मार्चला मुंबईत २५७ जणांचा बळी गेला. त्या मालाच्या वाटेवर सीमाशुल्क खाते होते, पोलीसही होते. त्यांतील काही अधिकारी आणि शिपाई पैसे घेऊन वाट मोकळी केल्याबद्दल टाडा न्यायालयात दोषी ठरले. त्यांच्या कमरेला पिस्तूल असते, तर काय निराळे घडले असते? विकल्या गेलेल्या हाताला शस्त्र देणे म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या देणे होय.

याचा अर्थ पोलिसांनी निःशस्त्र राहावे, असा मुळीच नाही. इंग्लंडचे उदाहरण देऊन तसे सांगणारे विचारवंत आपल्याकडे कमी नाहीत. त्यांनी ते उदाहरण पुरते वाचलेले नसते. २२ मार्च २०१७ रोजी ब्रिटिश संसदेच्या प्रवेशद्वारी निःशस्त्र शिपाई कीथ पामर हल्लेखोराच्या सुऱ्याला बळी पडला आणि तो हल्लेखोर थांबला तो सशस्त्र रक्षकाच्या गोळीनेच. त्याच वर्षी ३ जूनला लंडन ब्रिजवर तिघांनी कापाकापी मांडली, तेव्हा पहिल्या दूरध्वनीपासून आठ मिनिटांत सशस्त्र पथकाने तिघांनाही ठार केले. तिथले बहुतांश पोलीस बंदूक बाळगत नाहीत. पण जे बाळगतात ते अखंड सराव करतात आणि मिनिटांत पोहोचतात. मुंबईत २००८ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो मानेसरहून निघून प्रत्यक्ष कारवाईला भिडेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. गिरगाव चौपाटीवरही अबू इस्माईलला टिपणाऱ्या गोळ्या पोलिसांच्याच होत्या. म्हणून शस्त्र हवेच. पण ते सरसकट वाटलेले नव्हे, तर सिद्ध हातातले आणि योग्य ठिकाणचे.

आणि योग्य ठिकाण कोणते? जिथून शत्रू आला, तो समुद्र! सिंधुदुर्ग जिल्ह्याला विजयदुर्गापासून वेंगुर्ल्यापलीकडे सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा आहे. आचरा, कोळंब, कर्ली अशा खाड्या आत शिरल्या आहेत. तारकर्ली-देवबागच्या वाळूवर हंगामात हजारो पर्यटक उतरतात. इथल्या चौकीतील शिपायाला पिस्तूल दिले, तरी शत्रू त्याला दिसेल तो वाळूवर पाय ठेवल्यानंतर. तोवर अर्धी लढाई हरलेली असेल.

'कुबेर' ही पोरबंदरची, भारतीय नोंदणीची मासेमारी नौका होती, हे विसरून चालणार नाही. परकी युद्धनौका आली नव्हती. आपल्यासारखीच दिसणारी नौका आली होती. मालवणचे पारंपरिक मच्छीमार वर्षानुवर्षे टाहो फोडत आहेत की, परराज्यांतील वेगवान ट्रॉलर रात्री-अपरात्री इथल्या जलधी क्षेत्रात घुसतात, जाळी तोडतात आणि निघून जातात. शासन याला मासळीचा तंटा समजते. वस्तुतः हा सुरक्षेचा इशारा आहे. ज्या समुद्रात दिवे लावून, गाजावाजा करत आलेला ट्रॉलर अडवता येत नाही, तिथे दिवे मालवून आलेला 'कुबेर' कसा अडणार?

हल्ल्यानंतर काहीच झाले नाही, असे नाही. सागरी पोलीस ठाणी उभी राहिली, वेगवान नौका आल्या, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, 'सागर कवच' सराव होऊ लागले. तरीही २०११ मध्ये 'पवित' हे बेवारस जहाज थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतले. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला लागलेल्या निर्मनुष्य नौकेत तीन एके-४७ रायफली सापडल्या. त्यामागे घातपात नव्हता, हे सुदैव. पण शेखाडीच्या परिसरातच पुन्हा बंदुका वाहत येतात, हे व्यवस्थेचे अपयश नव्हे काय? नौका विकत घेणे सोपे. तिला इंधन, दुरुस्ती आणि जाणता तांडेल देणे अवघड. उभारणीहून देखभाल कठीण, हे २६ ऑगस्ट २०२४ रोजी राजकोटावर शिवरायांचा पुतळा कोसळताना मालवणकरांनी भरल्या डोळ्यांनी पाहिलेच आहे.

वास्तविक हा धडा परदेशातून आणण्याची गरज नाही. १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, ते मालवणच्या किनाऱ्यावरून दिसते. महाराजांनी गड बांधून हत्यारे वाटली आणि ते स्वस्थ बसले, असे झाले नाही. गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस असे अधिकार विभागून दिले. माणसांचा हिशेब एकाकडे, दारूगोळा-धान्याचा दुसऱ्याकडे. एकजण फितला तरी गड फितू नये, ही त्यामागची दृष्टी. आरमारावर गाबीत, भंडारी, कोळी अशी दर्यावर्दी माणसे घेतली, कारण समुद्राची नस त्यांनाच ठाऊक होती. २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावर शिवमुद्रेची प्रेरणा आली, २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्गात साजरा झाला. अभिमान जरूर बाळगावा; पण ध्वजाबरोबर ती व्यवस्थाही स्वीकारावी.

म्हणून मागणी पिस्तुलांच्या खोक्यांची नसावी. सागरी ठाण्यांतील निवडक पोलिसांना आधुनिक शस्त्र आणि वर्षभर सरावाची काडतुसे मिळावीत. गस्ती नौका धक्क्याला नव्हे, पाण्यात दिसावी. तिच्यावर स्थानिक दर्यावर्दी तरुणांची भरती व्हावी. सागर रक्षक दलातील मच्छीमाराच्या खबरेला त्याच रात्री उत्तर मिळावे. या गोष्टींचा हिशेब लोकप्रतिनिधींना विचारणे हे किनाऱ्यावरील प्रत्येक सजग कुटुंबाचे कर्तव्य आहे.

ओंबळे यांनी लाठीने जे केले, ते अलौकिक होते. परंतु अलौकिक शौर्यावर विसंबणारे शासन आपल्या शूरांना केवळ हौतात्म्यच देऊ शकते. पुढच्या ओंबळ्याला चक्र नव्हे, जिवंत घरी परतण्याची संधी मिळावी, हीच त्या वीराला खरी मानवंदना ठरेल.