गॅसचा वास ओळखणाऱ्या घरांना सोल्यूशनचा वास का ओळखता येत नाही?

दिल्लीच्या ‘एम्स’ संस्थेच्या पुढाकाराने दहा शहरांतील शाळकरी विद्यार्थ्यांची पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’मध्ये प्रसिद्ध झाले, ही बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. आठवी, नववी, अकरावी आणि बारावीचे 5,920 विद्यार्थी. दिल्ली, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद, लखनौ, चंदीगड अशी शहरे. कोणत्याही व्यसनद्रव्याशी पहिली ओळख होण्याचे सरासरी वय 12.9 वर्षे निघाले. त्यावर दोन दिवस हळहळ झाली. मी पाहिलेल्या बहुतेक बातम्यांवर चित्र होते ते इंजेक्शनच्या सुईचे, नाहीतर पांढऱ्या पुडीचे.

त्याच पाहणीतला दुसरा आकडा बातमीच्या तळाशी पडून होता. सर्वांत लहान वयात सुरू होणारे व्यसन तंबाखूचे नाही, दारूचे नाही, गांजाचेही नाही. ते हुंगण्याचे आहे. पंक्चर काढण्याचे सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर, पेट्रोल, फवाऱ्याच्या डब्यातला वायू अशा पदार्थांची वाफ नाकातोंडावाटे ओढण्याचे हे व्यसन आहे आणि त्याच्या सुरुवातीचे सरासरी वय 11.3 वर्षे आहे. म्हणजे पाचवी-सहावी. सरासरी एवढी असेल तर कित्येकांची सुरुवात त्याहून आधी झालेली असणार, हे सांगायला संख्याशास्त्राची पदवी लागत नाही.

माझा आक्षेप इथेच आहे. आपण मुलांना पुडीपासून वाचवायला निघालो आहोत आणि वस्तू पडली आहे कंपासपेटीत, सायकलच्या टूलबॉक्समध्ये, न्हाणीघरातल्या फळीवर. तिच्यावर बंदी नाही, तिला विक्रेता लागत नाही, कर्ज लागत नाही, पोलीस तिच्या मागावर नाहीत. म्हणून ती आपल्याला दिसत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते: “हे फलाटावरच्या मुलांचे. आपल्या घरात असले काही नसते.” हे उत्तर मी जबलपुरात ऐकले आहे, पुण्यातही ऐकले आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी खोटे आहे. फलाटावरचे मूल भूक आणि थंडी विसरण्यासाठी चिंधी नाकाला लावते. त्याला ‘त्यांचे’ म्हणून बाजूला सारणे ही आपली निर्दयता झाली. पण वर दिलेली पाहणी फलाटावर झालेली नाही. ती वर्गात, गणवेशातल्या मुलांची झाली. सामाजिक न्याय मंत्रालयाने ‘एम्स’च्या व्यसनोपचार केंद्राकडून करून घेतलेले आणि फेब्रुवारी 2019 मध्ये प्रसिद्ध झालेले राष्ट्रीय सर्वेक्षणही मुख्यतः घराघरांत जाऊन केलेले होते. त्यात सगळ्या व्यसनद्रव्यांपैकी हा एकच वर्ग असा निघाला की ज्याचे प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे: प्रौढांत 0.58 टक्के, तर 10 ते 17 वर्षांच्या मुलांत 1.17 टक्के. मदतीची गरज असलेली मुले सुमारे 4 लाख 60 हजार. अशी मुले संख्येने जास्त असलेल्या राज्यांत पहिले नाव उत्तर प्रदेशाचे, दुसरे माझ्या मध्य प्रदेशाचे आणि तिसरे महाराष्ट्राचे. ही पोस्ट नर्मदेकाठी वाचा किंवा मुठेकाठी, आकडा आपल्या दारात आलेला आहे.

मी हे का लिहितो आहे, तेही सांगतो. आमच्या दीक्षितपुऱ्यात ओळखीच्या एक काकू आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी सुट्टीत घरी आलो असताना त्या एक कडक झालेला रुमाल घेऊन आल्या. “तू केमिकलवाला ना रे? हे बघ. धुवायला टाकलेले असे दोन निघाले, हा तिसरा.” मी म्हणालो, काकू, मी फिजिक्सवाला. पण रुमाल हातात घेताच वास ओळखला. नातू सहावीत. संध्याकाळी डोके दुखते म्हणतो, जेवत नाही, बोलताना जीभ अडखळते आणि अर्ध्या तासात पुन्हा ठणठणीत होतो. मुलाच्या बापाला शंका आली होती. त्याने बाजारातून लघवी तपासण्याचा संच आणला, निकाल ‘निगेटिव्ह’ आला आणि सगळे घर निर्धास्त झाले. एकट्या काकू निर्धास्त झाल्या नाहीत. त्यांच्याकडे संच नव्हता, नाक होते.

तो संच खोटे बोलला नाही. त्याला प्रश्नच चुकीचा विचारला होता. असे संच गांजा, अफूजन्य पदार्थ वगैरेंसाठी बनवलेले असतात. सोल्यूशनमधल्या टोल्युइनचे शरीरात रूपांतर होते हिप्युरिक आम्लात, आणि ते हा संच शोधतच नाही. एका निगेटिव्ह पट्टीने त्या घराचे महिने वाया घालवले. विज्ञान अर्धवट हाती आले की अज्ञानापेक्षा जास्त नुकसान करते, याचे याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

आता थोडे माझ्या विषयातले. टोल्युइन हे रंग, थिनर आणि कित्येक गोंदांतले नेहमीचे विद्रावक. प्रयोगशाळेत आम्ही त्याची बाटली उघडतो ती हवा ओढून बाहेर टाकणाऱ्या बंदिस्त कपाटात, हातमोजे घालून. 25 अंश तापमानाला त्याच्या वाफेचा दाब सुमारे 28 मिलिमीटर पारा असतो. वातावरणाचा दाब 760. भागाकार केला तर बंद पिशवीतली हवा या वाफेने संपृक्त झाल्यावर तिच्यातील प्रमाण दशलक्षात सुमारे 37,000 भाग इतके होते. कामगारांच्या सुरक्षिततेचे निकष ठरवणारी अमेरिकेची ‘नायॉश’ ही संस्था दशलक्षात 500 भाग ही पातळी जिवाला तत्काळ धोक्याची मानते. श्वासोच्छ्वासात हवा मिसळते, पिशवी पूर्ण संपृक्त होत नाही, असे धरून आकडा निम्मा केला तरी तो त्या पातळीच्या पस्तीसपटींहून जास्त राहतो. अकरा वर्षांचे फुफ्फुस हे ओढून घेते, तिथून रक्त आणि काही सेकंदांत मेंदू. पोटातून जाणाऱ्या विषाला आधी यकृताची चौकी लागते, तीही या वाटेवर नाही.

हे पदार्थ चरबीत विरघळतात आणि मेंदूतील मज्जातंतूंची आवरणे चरबीयुक्त असतात. दीर्घकाळ टोल्युइन ओढणाऱ्यांत मेंदूतील पांढऱ्या भागाची झीज, तोल जाणे, स्मृती आणि लक्ष मंदावणे हे परिणाम वैद्यकाने नोंदवलेले आहेत. काही गोंदांत असलेल्या हेक्झेनमुळे हातापायांच्या नसा निकामी होतात. पण पालकांना सर्वांत आधी कळायला हवी ती गोष्ट वेगळीच आहे.

1970 मध्ये मिलार्ड बास या वैद्यकाने अमेरिकेतील 110 तरुण मुलांच्या आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही मुले वाफ हुंगल्यानंतर अचानक गेली होती. अशा मृत्यूंमागची यंत्रणा पुढे स्पष्ट होत गेली. ही द्रव्ये हृदयाला ॲड्रिनॅलिनच्या बाबतीत अतिसंवेदनशील करतात. अशा क्षणी मूल दचकले, घाबरले किंवा जोरात पळाले, तर ॲड्रिनॅलिनचा एक लोंढा हृदयाची लय बिघडवून ते बंद पाडू शकतो. हे पहिल्या वेळीही घडू शकते.

याचा अर्थ घराघरात पोचायला हवा. गच्चीवर मूल हुंगताना दिसले की आपण काय करतो? ओरडतो, धावून जातो, हात उगारतो. मूल जिवाच्या आकांताने जिना उतरत पळते. त्याच्या हृदयासाठी यापेक्षा वाईट काही असू शकत नाही. पालकांचे प्रेम आणि संताप यांतून निघालेली सर्वांत स्वाभाविक कृती इथे सर्वांत घातक आहे, आणि हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

इथे मला स्वयंपाकाचा गॅस आठवतो. तो वायू मुळात गंधहीन असतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबायचे नाही, काडी ओढायची नाही, खिडक्या उघडायच्या आणि रेग्युलेटर बंद करायचा, हे आज निरक्षर आजीलाही पाठ आहे. कोणी तिला वायूचे रसायनशास्त्र शिकवले नाही. वास, अर्थ आणि कृती एवढी साखळी शिकवली, पुन्हा पुन्हा शिकवली, आणि ती घराघरांत रुजली. सोल्यूशनच्या बाबतीतही तेवढेच हवे आहे.

वास आणि खुणा: श्वासाला किंवा कपड्यांना थिनर, पेट्रोल, गोंदाचा वास. बोटांवर, बाहीवर गोंदाचे किंवा रंगाचे डाग. नाकातोंडाभोवती पुरळ, लाल डोळे, सर्दी नसताना वाहणारे नाक. गादीखाली किंवा दप्तरात वाळून कडक झालेला रुमाल, चुरगळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, रिकाम्या ट्यूबा. घरात फवाऱ्याचा डबा भलताच लवकर संपणे. थोड्या वेळापुरते अडखळते बोलणे व झोकांड्या, मग डोकेदुखी, मळमळ, चिडचिड. नशा बहुधा काही मिनिटांची असते. आपण कामावरून येईपर्यंत ती उतरलेली असते, म्हणून वस्तू आणि वास यांवरच भिस्त ठेवावी लागते. यातली एखादी खूण म्हणजे पुरावा नव्हे. तीन-चार एकत्र आल्या तर मात्र डोळेझाक नको.

कृती: आवाज चढवायचा नाही, पाठलाग करायचा नाही. खिडक्या उघडायच्या, आग किंवा ठिणगी जवळ येऊ द्यायची नाही, कारण ही वाफ पेट घेते. मुलाला शांतपणे बसवायचे आणि त्याला एकटे सोडायचे नाही. शुद्ध हरपली पण श्वास चालू असेल तर कुशीवर वळवायचे. श्वास थांबला तर 108 ला फोन आणि छातीवर दाब. प्रश्न, रडणे, शपथा हे सगळे दुसऱ्या दिवशी. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर. या व्यसनावर जादूची गोळी नाही. समुपदेशन आणि घराची साथ हाच उपचाराचा गाभा आहे. व्यसनमुक्तीसाठी 14446, मानसिक आरोग्यासाठी 14416 आणि मुलांसाठी 1098 हे शासकीय दूरध्वनी मोफत आहेत.

दोन आक्षेप येतील, ते आधीच घेतो. पहिला: “सरळ बंदी आणा.” बंदी आणून पाहिली आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2012 मध्ये बाटलीतले करेक्शन फ्लुइड आणि थिनर यांच्या किरकोळ विक्रीवर बंदी घातली आणि पेनाच्या रूपातल्या द्रवाला मुभा दिली. ते योग्यच होते, त्याने एक दार अरुंद झाले. पण पंक्चरचे दुकान, रंगाचे दुकान, सुताराचा गोंद आणि पेट्रोलची टाकी बंद करता येणार नाही. लहान मुलाला या वस्तू विकू नयेत, हे दुकानदाराला सांगता येते आणि सांगावेच. उरलेले काम नियमाचे नाही, ज्ञानाचे आहे.

दुसरा आक्षेप: “हे लिहून तुम्ही मुलांनाच युक्त्या शिकवता.” मुलांना त्या मोठ्या वर्गातल्या मुलांकडून आपल्या आधी कळलेल्या असतात. न कळलेले असतात ते आईवडील. हो, मुलांशी बोलताना कशाने गुंगी येते याची यादी देऊ नये, हे खरे. त्यांना एवढेच सांगावे की ही वाफ विषारी आहे, ती हवेची जागा घेते, आणि गोंद-रंगाचे काम उघड्या खिडकीशीच करायचे. लहानपणी बाबांच्या स्कूटरमागे बसून पेट्रोलपंपावरचा वास मलाही आवडायचा. त्यावर मला कोणी रागावले नाही आणि कोणी समजावलेही नाही. मी सुटलो तो योगायोगाने.

सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2016 रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर निकाल देताना तीन गोष्टी मागितल्या होत्या: राष्ट्रीय सर्वेक्षण, राष्ट्रीय आराखडा आणि शालेय अभ्यासक्रमात या विषयाला स्थान. सर्वेक्षण झाले, आकडे आले. आता तो विषय वर्गात कोणत्या इयत्तेत येतो ते विचारा. बहुतेक ठिकाणी व्यसनमुक्तीचे व्याख्यान नववी-दहावीला होते, वर्षातून एकदा, सुईचे चित्र लावून. सुरुवात जर अकराव्या वर्षी होत असेल तर हे व्याख्यान तीन वर्षे उशिरा होते आहे, आणि भलत्याच वस्तूबद्दल होते आहे. बाष्पीभवनाचा धडा मुले त्याआधी शिकलेली असतात. त्याच धड्यात पाच ओळी वाढवायला कोणता निधी लागतो?

पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकेबद्दल विचारून झाले की हाही प्रश्न विचारा. आणि आज संध्याकाळी मुलाचे दप्तर झडतीसारखे नव्हे, डबा काढायला म्हणून उघडा आणि एकदा श्वास घेऊन पाहा. काकूंचा नातू आता डॉक्टरांकडे जातो आहे. बाप त्याच्यावर ओरडत नाही, हे त्याला फार जड जाते, पण तो ते पाळतो. त्या घरात हे ज्ञान एका रुमालापायी आले. तुमच्या घरात ते त्याआधी यावे, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

दीक्षितपुरा, जबलपूर