‘एक्स्पेक्ट’ म्हणजे नुसती आशा नव्हे



गेल्या महिन्यात माझी भाची एक अर्ज दाखवायला घेऊन आली. नुकतीच बी.एड. झालेली, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी तिचा हा पहिलाच अर्ज. अर्ज नेटका होता. शेवटच्या ओळीत मात्र लिहिले होते : ‘आय अ‍ॅम एक्स्पेक्टिंग अ पॉझिटिव्ह रिप्लाय फ्रॉम यू.’

तिच्या मनात होते, ‘आपल्याकडून होकाराची अपेक्षा आहे.’ मराठीत हे वाक्य नम्र आहे. इंग्रजीत मात्र वाचणाऱ्याला वाटते, ‘तुम्ही होकार देणारच, असे मी धरून चालले आहे.’ नोकरी मागणाऱ्याच्या तोंडी हे शोभत नाही. मी ती ओळ खोडून लिहिले : ‘आय होप टू हिअर फ्रॉम यू सून.’

ती म्हणाली, “मामू, डिक्शनरीत तर एक्स्पेक्ट म्हणजे अपेक्षा करणे असेच दिले आहे!”

डिक्शनरी चुकलेली नाही. आपली ‘अपेक्षा’च ऐसपैस आहे. तिच्यात आशाही बसते, विनंतीही बसते आणि खात्रीही बसते. इंग्रजीने या गोष्टींना वेगवेगळे शब्द दिले आहेत.

गंमत पाहा. ‘एक्स्पेक्ट’ हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा मूळ अर्थ बाहेर नजर लावून पाहणे. ‘अपेक्षा’ संस्कृतमधली; तिच्यातही ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे आहे. आपण घरात म्हणतो तो ‘इंतजार’ अरबी. तो ‘नजर’ याच शब्दाच्या कुळातला. आणि मराठीत तर आपण सरळ ‘वाट पाहतो’. चारही ठिकाणी माणूस दाराकडे डोळे लावून बसला आहे. फरक एवढाच की, इंग्रजीतला ‘एक्स्पेक्ट’ म्हणणारा माणूस कोणी येणार हे जवळजवळ धरून चालतो.

एसटी स्टँडवर उभे राहून तीन वाक्ये म्हणा, म्हणजे फरक ध्यानात येईल.

‘आय अ‍ॅम वेटिंग फॉर द बस.’ मी थांबलो आहे.
‘आय एक्स्पेक्ट द बस अ‍ॅट टेन.’ वेळापत्रकाप्रमाणे गाडी दहाला येईल, असा माझा अंदाज आहे.
‘आय होप आय गेट अ सीट.’ जागा मिळावी ही इच्छा. खात्री काही नाही.

आता वाक्यरचना पाहू. चार साचे लक्षात ठेवले की पुरे.

१) एक्स्पेक्टनंतर सरळ नाम : ‘वी आर एक्स्पेक्टिंग गेस्ट्स टुनाइट.’ आज रात्री पाहुणे यायचे आहेत. येथे ‘फॉर’ लावू नका. ‘फॉर’ हा ‘वेट’चा सोबती आहे, ‘एक्स्पेक्ट’चा नाही.

२) एक्स्पेक्टनंतर ‘टू’ आणि क्रियापद : ‘आय एक्स्पेक्ट टू फिनिश बिफोर असर.’ असरपूर्वी काम होईल असे वाटते. ‘एक्स्पेक्ट फिनिशिंग’ म्हणणे चूक.

३) मध्ये माणूस, मग ‘टू’ : ‘आय एक्स्पेक्ट माय सन टू टेल द ट्रूथ.’ मुलाने खरे बोलावे अशी माझी अपेक्षा आहे. आपण ‘मुलाकडून’ हा शब्द मनात धरून ‘आय एक्स्पेक्ट फ्रॉम माय सन दॅट ही शुड टेल द ट्रूथ’ असे म्हणून बसतो. ते चूक आहे. ‘फ्रॉम’ येतो, पण वस्तूसोबत : ‘आय एक्स्पेक्ट ऑनेस्टी फ्रॉम माय सन.’

४) एक्स्पेक्टनंतर ‘दॅट’ : ‘आय एक्स्पेक्ट दॅट ही विल कम.’ नकार द्यायचा तर तो बहुधा आधीच लावतात : ‘आय डोन्ट एक्स्पेक्ट ही विल कम.’ मराठीतही आपण ‘तो येईल असे वाटत नाही’ असेच म्हणतो, तेव्हा हे सोपे जावे.

दोन ठिकाणी विशेष जपा.

शाळेच्या सूचनेत ‘पेरेन्ट्स आर एक्स्पेक्टेड टू अटेंड’ असे असेल, तर ती केवळ इच्छा समजू नका. ‘जमले तर या’ असा त्याचा अर्थ नाही. ‘यायचे आहे’ असा आहे. कचेरीतल्या व वसतिगृहातल्या सूचनांनाही हेच लागू.

दुसरे, कोणी बाई ‘आय अ‍ॅम एक्स्पेक्टिंग’ एवढेच बोलून थांबली, तर ती गरोदर आहे असा अर्थ होतो. म्हणून कशाची अपेक्षा आहे, ते पुढे जरूर सांगा. गरोदर मातेच्या कार्डावर ‘ईडीडी’ अशी अक्षरे असतात. त्यातला ‘ई’ म्हणजे ‘एक्स्पेक्टेड’. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजून ही तारीख काढतात. बहुतेक बाळे नेमक्या त्या दिवशी येत नाहीत, थोडी आधी वा नंतर येतात. तेव्हा तारीख उलटली की लगेच घाबरू नये, पण डॉक्टरांना दाखवण्यात हयगयही करू नये. ‘एक्स्पेक्टेड’ म्हणजे हिशेबाने काढलेला अंदाज, वायदा नव्हे.

कोणी विचारील, उद्याबद्दल इतक्या खात्रीने बोलावे का? सूरह कहफच्या २३ व २४ व्या आयतीत, अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख केल्याशिवाय ‘मी हे उद्या करीन’ असे म्हणू नये, अशी शिकवण आहे. त्यात आणि व्याकरणात काही भांडण नाही. ‘आय एक्स्पेक्ट टू रीच बाय नाइन, इन्शाअल्लाह,’ असे खुशाल म्हणा. मात्र ‘इन्शाअल्लाह’ म्हणून नऊला निघायचेच नाही, हे बरे नव्हे. समोरचा आपल्या शब्दावर दाराकडे डोळे लावून बसलेला असतो.

सराव : इंग्रजी करा. (१) मी डॉक्टरांची वाट पाहत आहे. (२) अब्बू शुक्रवारी येतील असा अंदाज आहे. (३) तू पास व्हावीस अशी आशा आहे.

उत्तरे : (१) आय अ‍ॅम वेटिंग फॉर द डॉक्टर. (२) आय एक्स्पेक्ट अब्बू टू कम ऑन फ्रायडे. (३) आय होप यू पास.

भाचीच्या अर्जाचे उत्तर अजून आलेले नाही. परवा फोनवर म्हणाली, “मामू, आय अ‍ॅम वेटिंग, अँड आय होप.” दोन्ही क्रियापदे बरोबर होती. तिच्यासाठी दुआ करा.