सूटच्या आत काय घालणार?

आपल्या इंदूरच्या मराठी घरांतील अनेक मुलेमुली आज शिक्षण-नोकरीनिमित्त उत्तर युरोपात स्थिरावली आहेत. सुट्टीत घरी आली की त्यांपैकी काही जण स्कूबा डायव्हिंगसाठी लागणारा वैद्यकीय तपासणीचा अर्ज आपल्यापुढे ठेवतात. आपण छाती तपासतो, कान पाहतो, दम्याची व फिट्सची चौकशी करतो आणि सही करतो. माझे स्पष्ट मत असे आहे की, थंड पाण्यात उतरणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारल्यावाचून ही तपासणी पुरी होत नाही : "सूटच्या आत काय घालणार?"

प्रश्न कपड्यांचा वाटला, तरी तो शरीरक्रियाशास्त्राचा आहे. आइसलँडमधील सिल्फ्रा या प्रसिद्ध भेगेतले पाणी वर्षभर २ ते ४ अंश सेल्सिअस असते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २४ पट असल्यामुळे अशा ठिकाणी अंग कोरडे ठेवणारा ड्रायसूट वापरतात. परंतु पातळ, अनेकपदरी कापडाचा ड्रायसूट फक्त पाणी अडवतो. थंडी फारशी अडवीत नाही. ऊब राखते ती आतल्या कपड्याच्या तंतूंत अडकलेली हवा. तेव्हा सूटवर भरपूर खर्च करायचा आणि आत घरातला जुना स्वेटर चढवायचा, हा हिशेबच उलटा आहे.

येथे आपले माळव्यातले शहाणपण उपयोगी पडत नाही. अंगालगत सुती कपडा असावा, तो घाम टिपतो, हे आपल्या हवेत खरे आहे. ड्रायसूटमध्ये मात्र तोच गुण दोष ठरतो. टिपलेला घाम सुतात राहतो, तंतूंमधली हवा जाते आणि ओला कपडा कातडीची ऊब ओढून घेऊ लागतो. म्हणून अंगालगत मेरिनो लोकर किंवा घाम बाहेर सोडणारे पॉलिएस्टर असावे. त्यावरचा जाड थर असा हवा, की जो पाण्याच्या दाबाखाली फारसा चेपत नाही आणि ओलसर झाला तरी बरीचशी ऊब राखतो. थिन्सुलेटसारख्या बारीक कृत्रिम तंतूंचे महत्त्व यातच आहे. पिसांचे जाकीट बर्फात उत्तम. पण ते सहज चेपते आणि भिजले की निकामी होते. सूटमध्ये कधीतरी पाणी शिरणारच, असे धरूनच निवड करावी.

मग जितके जाड तितके चांगले काय? मला तसे वाटत नाही. जाड कपड्यात हवा जास्त, म्हणून बुडण्यासाठी कमरेला शिसेही जास्त. वर येताना ही हवा प्रसरण पावते; ती पायांकडे सरकली, तर माणूस ताबा सुटून वर फेकला जाऊ शकतो. मोज्यांवर मोजे चढवून पाय आवळले, तर तंतूंमधली हवाही जाते आणि रक्ताभिसरणही मंदावते. हात डोक्यावर नेता यावेत, गुडघे वाकवता यावेत आणि सूटमधील हवा सोडण्याच्या झडपेपर्यंत बोटे पोहोचावीत, एवढी मोकळीक हवीच. कपड्याची खरी परीक्षा पाण्यात शिरताना होत नाही. ती शेवटच्या दहा मिनिटांत होते.

हे शेवटच्या मिनिटांचे महत्त्व एका प्रयोगानेही अधोरेखित केले आहे. अमेरिकन नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्राच्या २००७ च्या अहवालानुसार, तळाशी उबदार आणि वर येताना गार राहिलेल्या डायव्हरांना विसंपीडन व्याधीचा धोका सर्वाधिक आढळला. तळाशी गार आणि वर येताना उबदार असलेल्यांना सर्वांत कमी. कारण आपल्याला उमगण्याजोगे आहे. उबेत रक्तप्रवाह वाढून ऊतींत नायट्रोजन भराभर मुरतो. नंतर गारठ्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावल्या की तो बाहेर पडत नाही. त्या प्रयोगात 'गार' पाणी २७ अंशांचे होते, म्हणून त्याचे आकडे बर्फाळ पाण्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत आणि तळाशी मुद्दाम कुडकुडावे असेही कोणी म्हणणार नाही. तरीही विद्युत बंडीवर भिस्त ठेवणाऱ्यांनी विचार करावा. तिची बॅटरी वर येताना संपली, तर सर्वांत वाईट क्रम आपणच घडवून आणला असे होईल. बंडी जोडीला असावी. पण तिच्याशिवायही सुखरूप वर येता येईल एवढे कापड अंगावर हवे.

भूलतज्ज्ञ म्हणून मला एक गोष्ट रोज दिसते : गेलेली ऊब परत आणणे हे असलेली राखण्यापेक्षा अवघड असते. शस्त्रक्रियागृहात निदान गरम हवेचे पांघरूण तरी हाताशी असते. पाण्याखाली गारठलेली बोटे बकल सोडवू शकत नाहीत आणि गारठलेले मन वेळेवर निर्णय घेऊ शकत नाही.

आणि हा विषय केवळ तरुणांचा नाही. मुलांकडे गेलेले, रक्तदाब असलेले आईवडीलही हौसेने अशा पाण्यात उतरतात. पाण्याचा दाब आणि गारठा मिळून हातापायांतले रक्त छातीकडे ढकलतात. रक्तदाबाच्या रुग्णाच्या फुप्फुसांत त्यामुळे पाणी साचू शकते. त्यांना उबदार कपडा, गळ्याशी व छातीशी न आवळणारा सूट आणि प्रसंगी स्पष्ट नकार, हे तिन्ही देणे आपले काम आहे. हा नकार कटू वाटला, तरी तो येथेच, तपासणीच्या खोलीत दिलेला बरा.